विंचवर छापलेले पौंड आणि काळ्या मातीत फसलेली गाडी

नागपूरहून काटोल, कळमेश्वर किंवा हिंगण्याच्या अंगाला जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. डांबरी रस्ता सोडून पांदण धरली की शंभर पावलांत कळतं, फोर बाय फोर ही जादू नाही. काळी माती चारही चाकांना सारखीच चिकटते, टायरच्या खाचा भरून टाकते, आणि मग उत्तम टायरसुद्धा गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहतात. अशा वेळी समोरच्या बंपरमध्ये विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत गाडीला ओढणारं विजेचं यंत्र, असावी असं वाटतं. मग माणूस दुकानात जातो आणि तिथे एकच प्रश्न ऐकतो, ‘भाऊ, किती पौंडाची पाहिजे?’

माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. तुमची गाडी किती वीज देऊ शकते आणि दोर बांधायला समोर काय असणार, हे आधी ठरवावं लागतं. पण दुकानात सगळं पौंडांपासून सुरू होतं, तर आपणही तिथूनच सुरू करू.

एक पौंड म्हणजे ०.४५ किलो. बाजारात सहसा दिसणारे आकडे ८,००० (३,६२९ किलो), ९,५०० (४,३०९ किलो) आणि १२,००० (५,४४३ किलो). जगभर चालणारा हिशेब असा, की माणसं-सामानासकट भरलेल्या गाडीचं जे कमाल वजन, त्याच्या निदान दीडपट विंचची ओढ हवी. हे वजन गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. रिकाम्या गाडीचं वजन धरून हिशेब करू नका. पाच दरवाजांच्या जिम्नीचं भरलेलं वजन १,५४५ किलो, त्याच्या दीडपट म्हणजे सुमारे ५,१०० पौंड. भरलेली गाडी २,३०० किलोची असेल तर ३,४५० किलो, म्हणजे ७,६०० पौंड. आता दुकानदार म्हणेल, आठ हजारांची घ्या, भागलं! कागदावर भागलं, हे खरं.

पण तो छापलेला आकडा विंचच्या सगळ्यात चांगल्या अवस्थेतला असतो, ड्रमवर दोराचा फक्त एकच थर उरलेला असताना. समजा ड्रमचा व्यास ६४ मिलिमीटर आहे आणि दोर ८ मिलिमीटरचा. पहिल्या थरात दोर ड्रमच्या मध्यापासून ३६ मिलिमीटरवर ओढला जातो. दुसऱ्या थरात हे अंतर ४४ होतं, तिसऱ्यात ५२, चौथ्यात ६०. मोटर तीच, गिअर तेच, पण अंतर वाढलं की ओढ त्याच प्रमाणात घटते. म्हणून ९,५०० पौंडांची विंच दुसऱ्या थरावर ७,८००, तिसऱ्यावर ६,६०० आणि चौथ्यावर जेमतेम ५,७०० पौंड ओढते. झाड दहा पावलांवर आहे म्हणून थोडासाच दोर सोडून ओढायला गेलात, तर विकत घेतलेल्या ताकदीतली चाळीस टक्के ताकद ड्रमवरच गुंडाळलेली राहते. झाड लांबचं घ्या, किंवा दोर पुलीतून फिरवून परत गाडीकडे आणा. दोन्हींत जास्त दोर सुटतो आणि ओढ वाढते.

आता चिखलाकडे. सपाट कडक रस्त्यावर न्यूट्रलमधली गाडी दोन माणसं ढकलतात, कारण अडथळा वजनाच्या मानाने अगदी थोडा असतो. चिखलात तसं नाही. सैन्याची अडकलेली वाहनं काढणाऱ्या लोकांचा जुना ठोकताळा आहे: गाडी चाकांपर्यंत रुतली असेल तर तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, त्याच्याही वर गेली तर तिप्पट. आणि चढ असला तर त्याची वेगळी भर. म्हणजे आपली २,३०० किलोची गाडी मडगार्डपर्यंत बसली की ४,६०० किलो लागणार. नऊ हजार पाचशेची विंचसुद्धा एकेरी दोरावर तिथे हरते. ओली काळी माती वरून चाकाला धरूनही ठेवते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, चाकाभोवती घट्ट बसते, चाकाखाली हवा जायला जागा राहत नाही. अशा वेळी आधी फावडं घ्या. चारही चाकांच्या पुढे उतार काढा, टायरच्या कडेने चर मारून हवा आत जाऊ द्या, टायरची हवा कमी करा. पंधरा मिनिटांच्या या गाऱ्यातल्या कामाने लागणारी ओढ पुष्कळ उतरते. पूर्वेला मौदा, रामटेककडे धानाच्या बांध्यांत गाडी फसली की हेच.

म्हणून माझा सल्ला: जिम्नीसारख्या हलक्या गाडीला चांगल्या प्रतीची ८,००० चालेल, दोन-अडीच टनाच्या गाडीला ९,५००, आणि त्याहून जड गाडीला १२,०००. त्याच्या वर जाण्यात हशील नाही. प्रत्येक पायरीला पुढच्या ॲक्सलवर वजन वाढतं, स्प्रिंगा दबतात, आणि चिखलात गाडीचं नाक आणखी खाली जातं. उरलेली ओढ पुलीतून मिळवा. पुली म्हणजे जिला ऑफरोडवाले स्नॅच ब्लॉक म्हणतात ती. दोर झाडाला बांधलेल्या पुलीतून फिरवून पुन्हा आपल्याच गाडीच्या हुकाला आणला की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि मोटरवरचा भार हलका होतो. फक्त एक ध्यानात असू द्या, ओढीबरोबर झाडावरचा आणि पुली झाडाला बांधणाऱ्या पट्ट्यावरचा ताणही दुप्पट होतो.

वीज कुठून येणार

विंचचा सगळ्यात दुर्लक्षित भाग बॉनेटखाली असतो. ८,००० पौंडांची एक चांगली विंच पूर्ण भाराला मिनिटाला अडीच मीटर दोर गुंडाळते आणि तेव्हा ४०० ते ४५० अँपिअर खाते. याचं गणित करून बघण्यासारखं आहे. किलोमधली ओढ गुणिले मिनिटाला मीटरमधला वेग, भागिले ४,५००, म्हणजे अश्वशक्ती. ३,६२९ गुणिले २.५, भागिले ४,५००, उत्तर आलं २. दोराला मिळाली दोन अश्वशक्ती. बॅटरीतून मात्र भाराखाली खाली आलेल्या दहा व्होल्टला सव्वाचारशे अँपिअर धरले तरी पावणेसहा अश्वशक्ती गेली. उरलेली जवळपास चार अश्वशक्ती मोटर आणि गिअर तापवण्यात खर्च झाली. एका मिनिटानंतर थांबा, मोटरला हात लावून बघा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ते यासाठी. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत तर थंड व्हायला आणखी वेळ लागतो.

हेच गणित खोटी जाहिरात पकडायलाही कामाला येतं. कोणी म्हणालं, ‘९,५०० पौंड, पूर्ण भाराला मिनिटाला पाच मीटर’, तर ४,३०९ गुणिले ५ भागिले ४,५००, म्हणजे दोराला ४.८ अश्वशक्ती. तितकी द्यायला याच हिशेबाने मोटरला चौदा लागतील, म्हणजे हजार अँपिअर. गाडीच्या बॅटरीतून ते होत नाही. चांगला उत्पादक प्रत्येक भाराला वेग किती आणि करंट किती याचा तक्ता देतो. तक्ता नसेल, नुसता मोठा आकडा आणि चकाचक खोका असेल, तर दुकानातून बाहेर पडा.

अल्टरनेटर साधारण ९० ते १२० अँपिअरचा असतो. विंचला लागतात चारशे. मधली तूट बॅटरी भरून काढते. ६५ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर चारशे अँपिअर दहा मिनिटं देईल असं वाटतं, प्रत्यक्षात इतक्या जोरात उपसली की त्यातलं निम्मंसुद्धा हाती लागत नाही. इंजिन चालूच ठेवा, आरपीएम थोडे वाढवून. कोल्ड क्रँकिंगचा, म्हणजे थंडीत इंजिन सुरू करताना बॅटरी किती अँपिअर देऊ शकते त्याचा, आकडा ६५० च्या वर असलेली बॅटरी पाहा. आणि नागपूरच्या उन्हाचा वेगळा हिशेब धरा: शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंश उष्णतेला जवळपास निम्मं होतं असा ठोकताळा आहे. तीन उन्हाळे खाल्लेल्या बॅटरीवर नवी विंच लावून पावसाळ्यात निघणं म्हणजे गाडी फसल्यावर ती सुरूही होणार नाही याची सोय करून ठेवणं.

वायरिंगवर तर मी अडून बसेन. बॅटरीपासून बंपरपर्यंत जायला दोन मीटर, यायला दोन मीटर. पस्तीस स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये चारशे अँपिअरला ०.८ व्होल्ट गळतात. त्याऐवजी सोळा स्क्वेअर एमएमची घेतली तर पावणेदोन व्होल्ट जातात आणि केबलमध्येच सातशे वॉट उष्णता होते, म्हणजे कपड्यांची इस्त्री बॉनेटखाली चालू ठेवल्यासारखं. मोटरला आठ-साडेआठ व्होल्ट पोचले की ती सुस्तावते, सोलेनॉइडचे (मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे) पॉइंट चिकटतात, आणि माणूस विंचला शिव्या घालतो. केबल घेताना टोक कापून बघा. आतून पांढरी दिसली तर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, तिचा रोध दीडपटीहून जास्त. एमआयडीसीत जिथे वेल्डिंगचं सामान मिळतं तिथे तांब्याची वेल्डिंग केबल मागा, ती लवचीकही असते. केबलच्या टोकाचे लग हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नको. निगेटिव्ह चॅसीला न जोडता थेट बॅटरीपर्यंत न्या. मध्ये एक कटऑफ स्विच हवाच. सोलेनॉइड चिकटला आणि विंच थांबेचना झाली, तर तोच हात वाचवतो.

मोटर, गिअर, ब्रेक

मोटर दोन जातींच्या येतात. कायमच्या लोहचुंबकाची स्वस्त असते, हलक्या कामाला करंट कमी खाते, पण लवकर तापते. सिरीज वाउंड मोटरमध्ये चुंबकसुद्धा तारेच्या वेढ्यांचं असतं, भार वाढेल तसा तिचा जोर वाढतो. गाडी ओढायला सिरीज वाउंडच घ्या, यात घोळ घालू नका.

गिअर बहुतेक ठिकाणी प्लॅनेटरी, म्हणजे मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारे, असतात. २६५ ला १ असा आकडा दिसला तर मोटर २६५ वेळा फिरल्यावर ड्रम एकदा फिरतो, म्हणजे विंच सावकाश पण करंटला सोशिक. १५० च्या आसपासचा आकडा म्हणजे चपळ पण खादाड. स्पर्धा करायची नसेल तर सावकाश बरी. ब्रेक बऱ्याच विंचमध्ये ड्रमच्या आतच असतो आणि भाराखाली दोर सोडताना तापतो. ही गोष्ट दोर निवडताना कामी येते.

पोलादी की सिंथेटिक

पोलादी दोर स्वस्त, दगडावर घासला तरी टिकणारा. पण जड. ८ मिलिमीटरचा अठ्ठावीस मीटर दोर आठ किलोच्या आसपास भरतो, तेवढाच सिंथेटिक दोर दोन किलोच्या आत. पोलादाच्या तुटलेल्या तारांचे काटे हातमोजे नसतील तर तळहात फाडतात. आणि ताणलेला पोलादी दोर तुटला की साठवलेली सगळी ताकद घेऊन उलटा येतो. दोराच्या मध्यावर ओली चादर, गोणपाट किंवा जॅकेट टाकायचं ते त्याला जमिनीवर पाडण्यासाठी. ओढ चालू असताना दोर ओलांडायचा नाही, आणि दोराच्या लांबीइतक्या अंतरात बघ्यांना उभं राहू द्यायचं नाही. आपल्याकडे गाडी फसली की अख्खं गाव जमतं, म्हणून हे काम विंच चालवण्याइतकंच महत्त्वाचं. एक जण फक्त गर्दी सांभाळायला ठेवा.

सिंथेटिक दोर तुटला तरी तितका मारत नाही. पण टोकाला लोखंडी हुक किंवा शॅकल (दोर-पट्टे जोडायची खिळीची कडी) असेल तर तो सुटून येतोच, तेव्हा अंतराचा नियम त्यालाही लागू. त्याचे शत्रू तीन: घर्षण, उष्णता आणि कण. पॉलिइथिलीनचा हा दोर दीडशे अंशांच्या आतच वितळतो आणि त्याच्या पुष्कळ आधी कमजोर पडायला लागतो. म्हणून ड्रममधल्या ब्रेकची उष्णता त्याला सोसत नाही. तापलेल्या ड्रमवर त्याचे पहिले वेढे पोळू नयेत म्हणून त्या भागावर संरक्षक आवरण असलेला दोर घ्या. कन्हान नदीच्या वाळूचे कण धाग्यांत शिरले की आतून कापत राहतात. काम झालं की दोर पूर्ण सोडून साध्या पाण्याने बादलीत धुवा, सावलीत वाळवा, आणि मग गुंडाळा. मी विकत घेणाऱ्याला सिंथेटिकच सुचवेन, पण धुण्याचा कंटाळा असेल त्याने पोलादी घ्यावा.

दोर जातो त्या तोंडाशी पोलादीसाठी रोलर, सिंथेटिकसाठी ॲल्युमिनियमची गुळगुळीत पट्टी. पोलादी दोराने ओरखडे पडलेल्या जुन्या रोलरवर नवा सिंथेटिक घालू नका. आणि ड्रमवर पोलादी दोराचे किमान पाच, सिंथेटिकचे आठ-दहा वेढे कायम ठेवायचे. दोराची ड्रमवरची पकड त्या वेढ्यांमुळे असते, टोकाच्या स्क्रूमुळे नाही.

दोर बांधायचा कशाला

नागपूर जिल्ह्यात खरी अडचण इथे येते. काळ्या मातीच्या पट्ट्यात कापूस, तूर, सोयाबीनच्या मैदानात झाड कुठे असतं? धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. आणि धुरा असतो पन्नास-साठ मीटरवर, दोर मात्र अठ्ठावीस मीटर. म्हणून विंचच्या खरेदीतच एक वीस-तीस मीटरचा जोडपट्टा धरा. तो स्थिर ओढीचा, न ताणणारा हवा. झटका देऊन ओढायचे पट्टे वेगळे असतात, ते रबरासारखे ताणतात. त्यांना विंचच्या दोराला जोडणं धोक्याचं.

धुऱ्यावरची बाभूळ दिसायला भरभक्कम, पण पाऊस पडून माती मऊ झालेली असते. जुना मोह, सागवान, कडुनिंब असेल तर उत्तम. पट्टा खोडाच्या बुंध्याशी, जमिनीलगत, रुंद पट्ट्याचा. दोर थेट खोडाला गुंडाळला तर सालही जाते आणि दोरही. संत्र्याच्या झाडाकडे बघूसुद्धा नका. ते मुळासकट येईल, आणि मग गाडी निघायच्या आधी बागवान येईल. विजेच्या खांबाला तर कधीच नाही. शेतपंपाच्या लाइनचे खांब अगदी सोयीच्या जागी उभे असतात, ओल्या मातीत ते किती झुकलेले असतात हेही बघून घ्या. खांब पडला तर तारा तुमच्या दोरावर येतील.

झाड नसेल तर स्टेपनी. गाडीच्या पुढे चाक उभं बसेल असा खड्डा खणा, चाकाला पट्टा बांधून ते पुरा, पट्ट्यासाठी गाडीच्या दिशेने चर ठेवा. कष्टाचं काम आहे, पण होतं. दुसरी गाडी आधाराला लावायची तर तिच्या चाकांखाली दगड लावा आणि तिलाही मागे कशाला तरी बांधा, नाही तर तीच सरकत चिखलात येते.

शॅकल घेताना त्यावर कोरलेला कामाचा भार वाचा. १९ मिलिमीटरच्या दर्जेदार बो शॅकलवर पावणेपाच टन लिहिलेलं असतं. काही लिहिलेलं नसेल तर ती गुरं बांधायला ठीक.

बंपरचं प्रकरण

विंच बसवायला पक्का माउंट लागतो, आणि तो चॅसीला बोल्ट झालेला असावा, बंपरच्या पत्र्याला नाही. पण सरसकट जाडजूड लोखंडी बंपर घालण्याआधी दोनदा विचार करा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार त्यात होता. पादचाऱ्याला इजा होते हे त्यामागचं एक कारण. दुसरं, अपघातात पुढचा भाग जसा दबायला हवा तसा दबत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरला चुकीची माहिती जाते. मूळ बंपरच्या आड लपणारा माउंट मिळत असेल तर तो घ्या, आणि विम्याची कंपनी व आरटीओ यांच्याशी बोलून मगच काम सुरू करा. पेंचसारख्या संरक्षित जंगलात ठरलेल्या वाटा सोडून गाडी नेणंच बेकायदेशीर आहे, तिथे विंचचा प्रश्न येत नाही.

ज्यांनी घेऊ नये त्यांच्याबद्दलही बोलतो. वर्षातून चारदा मित्रांसोबत, दोन-तीन गाड्या मिळून जाणाऱ्याला विंच लागत नाही. दोन चांगले पट्टे, चार शॅकल, एक फावडं आणि दुसरी गाडी यात भागतं. आपल्या भागात हाकेच्या अंतरावर ट्रॅक्टर असतो आणि ट्रॅक्टरवाला सहसा नाही म्हणत नाही. हाताने ओढायची टिरफोरसुद्धा आहे, तिला बॅटरी लागत नाही, पुढे-मागे-आडवी कुठूनही लावता येते. घाम निघतो एवढंच. विंच घ्यावी ती एकट्याने जाणाऱ्याने, पांदणीच्या शेवटी शेत असलेल्याने, किंवा रात्री-अपरात्री ज्याला कामावर निघावंच लागतं त्याने.

घेतलीच, तर बसवलेल्या दिवशी एक काम करून टाका. नवा दोर कारखान्यातून सैल गुंडाळून येतो. तसाच वापरला तर पहिल्याच जोराच्या ओढीत वरचा थर खालच्या वेढ्यांत घुसतो आणि अडकतो. एखाद्या मोकळ्या, किंचित चढाच्या कडक रस्त्यावर गाडी न्या, वेढ्यांपुरता सोडून सगळा दोर बाहेर काढून पट्ट्याने झाडाला बांधा, न्यूट्रलमध्ये एक जण हँडब्रेक अर्धवट ओढून बसू द्या आणि दुसऱ्याने विंच चालवून गाडीला चढावर खेचत दोर गुंडाळा, प्रत्येक वेढा शेजारच्याला लागून. ताण निदान सव्वादोनशे किलोचा असावा. दोराला वाट दाखवायला हात लावायचा नाही, हुक जवळ आला की त्याला बांधलेल्या पट्टीला धरायचं. त्यानंतर महिन्यातून एकदा विंच पाच मिनिटं मोकळी चालवा, पावसाळ्यात पंधरवड्याला. आयपी ६७ (धूळ-पाणी आत न शिरू देण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी नळ्यांच्या आणि वायरच्या तोंडाशी ओल शिरते, सोलेनॉइडच्या पॉइंटवर हिरवट थर चढतो, आणि तो तुम्हाला गाडी फसल्यावरच दिसतो.